जोकर आला की क्रम कोणाचा?

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या रात्री कुरुंदवाडच्या आमच्या घरी भुईमुगाच्या शेंगा लावून तीन पत्ती रंगते. पैसा नसतो, भांडण मात्र खरे असते. एका वर्षी मुलांनी कॅटात दोन जोकर घातले आणि वाद पेटला : ट्रेल मोठी की प्युअर सिक्वेन्स? "चालत आलंय तसंच चालू द्या," म्हणून थोरल्या काकांनी तो मिटवला. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

जोकर आपल्याकडचा नव्हे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात; प्रत्येकाची जागा ठरलेली, दुसऱ्याचे सोंग घेणारे पान त्यात नाही. जोकर अमेरिकेत १८६०च्या दशकात 'यूकर' या खेळासाठी जन्मला, तोही सर्वांत वरचा हुकूम म्हणून. कोणत्याही पानाच्या जागी चालण्याची मुभा त्याला पुढे मिळाली.

आता हिशेब. जे दुर्मीळ ते मोठे, हे तत्त्व धरू. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. त्यांत ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८. म्हणजे जोकर नसतानाही ट्रेलचा मान रूढीचा आहे, गणिताचा नाही. पण ही चूक दुरुस्त करता येते : प्युअर सिक्वेन्स वर न्यावी, झाले.

दोन जोकर घातले की प्रकार २४,८०४ होतात. ट्रेल मोठी मानली तर ती २६० प्रकारे येते. पूर्वी ४२५ डावांत एकदा येणारी आता साधारण ९५ डावांत एकदा. प्युअर सिक्वेन्स २४८. पुन्हा तीच दुर्मीळ. मग क्रम उलटा करू. इथे गंमत होते. दोन जोकर आणि कोणतेही एक पान, असे ५२ प्रकार आहेत. ते ट्रेलही होतात आणि प्युअर सिक्वेन्सही. खेळणारा अर्थातच जे मोठे ते सांगणार. त्यामुळे क्रम उलटताच हे ५२ पलीकडे जातात : प्युअर सिक्वेन्स ३००, ट्रेल २०८. आता ट्रेल दुर्मीळ! ज्याला मोठे म्हणावे, तेच लगेच स्वस्त होते. पोकरमध्येही असा पेच पडतो, हे गणितज्ञांनी दाखवले आहे.

काकांचा निकाल चूक होता, पण मुलांचाही बरोबर नव्हता. वाद पानांचा नव्हताच, जोकरला दिलेल्या मोकळिकीचा होता. ती थोडी आवळली की गाठ सुटते. पाने वाटण्यापूर्वीच ठरवावे : दोन जोकर आले तर ती ट्रेलच, आणि प्युअर सिक्वेन्स तिच्या वर. मग २४८ वर, २६० खाली. पुढची उतरंडही जुळते : सिक्वेन्स १,३२०, कलर १,५२०, जोडी ५,०१६.

यंदा हा नियम मी कागदावर लिहून पाटाशेजारी ठेवणार आहे. काकांनी तो वाचला आहे. "शेंगा जास्त भाजा," एवढेच म्हणाले.