आकड्यांचा आधार की आडोसा?

मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला आपल्या संस्थेचे प्रत्यक्ष दर्शन क्वचितच घडते. त्याच्यापुढे येतात ते तक्ते, गोषवारे आणि बेरजा. शेकडो शाखांतील हजारो कारकुनांनी दिवसभर केलेल्या नोंदी टप्प्याटप्प्याने एकत्र होत अखेर एका कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर येऊन स्थिरावतात. आणि त्यांच्याच आधारे कोठे माणसे वाढवायची, कोणती शाखा बंद करायची, कोणाला जाब विचारायचा, याचे निर्णय होतात. या व्यवस्थेला व्यवस्थापनशास्त्रात माहिती प्रणाली असे भारदस्त नाव आहे. नाव नवे असले तरी गरज जुनीच आहे. एका माणसाच्या नजरेत मावणार नाही एवढा कारभार वाढला, की नोंदीवाचून गत्यंतर नसते.

प्रश्न निराळाच आहे. वर पोहोचलेला आकडा चुकीचा असेल, तर तसे सांगण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो? माहिती प्रणालीविषयीच्या चर्चेत वेग, अचूकता आणि काटकसर यांचा महिमा पुष्कळ गायिला जातो. हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो न विचारल्याने काय अनर्थ घडतो, याचा धडा ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने साऱ्या जगाला दिला आहे.

तूट यंत्राची, शिक्षा माणसाला

ब्रिटनमधील बहुसंख्य टपाल कचेऱ्या सबपोस्टमास्तर चालवीत. हे पगारी नोकर नसत. करार करून, बहुधा आपल्या दुकानातच, ते टपालाचा कारभार पाहत. १९९९ पासून या कचेऱ्यांतील वह्यांची जागा ‘होरायझन’ नावाच्या संगणकीय हिशेब प्रणालीने घेतली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती, आणि ही कंपनी फुजित्सु या जपानी उद्योगसमूहाच्या मालकीची होती. प्रत्येक कचेरीतील प्रत्येक व्यवहार मध्यवर्ती कार्यालयाला दिसावा, हा त्यामागील हेतू होता. आणि हेतू म्हणून त्यात वावगे काही नव्हते.

लवकरच ठिकठिकाणच्या हिशेबांत तूट दिसू लागली. यंत्र सांगे त्यापेक्षा तिजोरीत रक्कम कमी भरे. २०१५ सालचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे ८,००० पौंडांची थैली जमा करून घेताना पडदा जागच्या जागी अडकला. नोंद पक्की करण्याची कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली आणि यंत्राने ती एकच थैली चार वेळा जमा धरली. हिशेबात ३२,००० पौंड, हाती आलेले ८,०००. म्हणजे एका क्षणात २४,००० पौंडांची ‘तूट’! हा दोष उघडकीस आला. परंतु ज्यांच्या बाबतीत असा उलगडा झाला नाही, त्यांना ती तूट पदरचे पैसे घालून भरावी लागे. ‘ही तूट मला मान्य नाही’ असे नोंदवण्याची सोयच त्या प्रणालीत नव्हती. मदतीसाठी दूरध्वनी केला, तर ‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात’, असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे सांगितले.

१९९९ ते २०१५ या काळात अफरातफर, चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. त्यांपैकी सुमारे ७०० जणांवरील खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालविले होते. काही तुरुंगात गेले, कित्येकांचे दिवाळे वाजले. दुर्दैवाने कायद्याचे वारेही याच सुमारास उलट दिशेने वाहिले. १९८४ च्या कायद्यानुसार संगणकाचा पुरावा सादर करणाऱ्याला यंत्र नीट चालत असल्याचे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले. यंत्र बरोबरच असणार, हे गृहीतक उरले आणि ते चूक आहे हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. यंत्राच्या अंतरंगाची कागदपत्रे मात्र त्याच्या हाती नव्हती.

ॲलन बेट्स या सबपोस्टमास्तरांच्या पुढाकाराने ५५५ जण न्यायालयात गेले, तेव्हा कोठे सत्य बाहेर आले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, की यंत्रात दोष होते, त्यांमुळे खोटी तूट दिसू शकत होती आणि सबपोस्टमास्तरांच्या नकळत त्यांच्या हिशेबात दुरून बदल करणेही शक्य होते. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाच्या जुलै २०२५ मधील पहिल्या खंडात, या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आपले जीवन संपविले असण्याची शक्यता नमूद आहे.

ॲकॉफ यांचा इशारा

हा केवळ सदोष यंत्राचा किस्सा म्हणून सोडून देता येणार नाही. दोष सर्वच यंत्रांत असतात. रसेल ॲकॉफ या अमेरिकन अभ्यासकांनी १९६७ सालीच एका गाजलेल्या निबंधात माहिती प्रणाली उभारणाऱ्यांच्या पाच समजुतींचा समाचार घेतला होता. त्यांतील शेवटची समजूत अशी, की व्यवस्थापकाला यंत्र कसे चालते हे कळण्याची गरज नाही. ते वापरता आले म्हणजे पुरे. ॲकॉफ यांचे म्हणणे असे, की जो व्यवस्थापक प्रणालीची पारख करू शकत नाही, तो तिच्यावर नियंत्रणही ठेवू शकत नाही. नकळत तोच तिच्या आधीन होतो.

पुढे १९७१ मध्ये गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी निर्णयांतील एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. काही निर्णय ठरावीक नियमांत बसणारे असतात. ते यंत्रावर सोपविता येतात. काहींत मात्र माणसाचा विवेकच लागतो. तेथे यंत्राने साहाय्य करावे, निवाडा करू नये. थैल्यांची बेरीज करणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे. वीस वर्षे सचोटीने दुकान चालविणारा गृहस्थ चोर आहे काय, हे ठरविणे दुसऱ्या प्रकारचे. पोस्ट ऑफिसने बेरजेचे उत्तर हेच निवाड्याचे उत्तर मानले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात आणखी एक मर्म आहे. चूक कोणाला महाग पडते, यावर ती सुधारण्याची निकड अवलंबून असते. येथे तुटीची भरपाई सबपोस्टमास्तर करीत होता. पोस्ट ऑफिसला यंत्राच्या चुकीसाठी एक पेनीही मोजावी लागत नव्हती, उलट खोट्या तुटीची वसुली तिच्याच पदरात पडत होती. ज्यांना दोष शोधता आला असता त्यांना तो शोधण्याची गरज भासेना, आणि ज्यांना गरज होती त्यांना साधने नव्हती. माहिती खालून वर जात राहिली; जबाबदारी तेवढी वरून खाली ढकलली गेली.

नोंदीला हरकत हवी

यावर पुन्हा वह्यांकडे वळावे असे कोणी सुचविणार नाही. आपल्याच रेल्वेचे तिकीट कोणत्याही गाडीसाठी कोणत्याही खिडकीवर काढता येऊ लागले ते संगणकीय आरक्षणामुळे, हे मागल्या पिढीने अनुभवले आहे. प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नसून, यंत्राच्या नोंदीवर हरकत घेण्याची रीतसर वाट असावी की नसावी, हा आहे.

ही वाट आपल्याला परकी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार फेरफाराची नोंद झाली, की ती चावडीवर लावली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकती आल्यास त्यांची वेगळी नोंदवही ठेवली जाते, आणि त्यानंतरच वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबारा संगणकावर आला तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली, तीही याच भूमिकेतून. या पद्धतीचा अंमल सर्वत्र चोख होतो असे नव्हे. तथापि ज्याच्याविषयीची नोंद, त्याला ती वाचून दाखवावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व होरायझनच्या कर्त्यांना सुचले असते, तर कित्येक संसार वाचले असते.

आज आपल्या शाळांत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत रोज नव्या प्रणाली येत आहेत. विद्यार्थ्यांची संख्या भरणारा शिक्षक आणि देयके नोंदविणारा कारकून हेच त्यांचे पहिले साक्षीदार असतात. वस्तुस्थिती एक आणि पडदा स्वीकारतो ते दुसरेच, हा प्रसंग त्यांच्याच वाट्याला येतो. म्हणून कोणतीही प्रणाली स्वीकारताना त्यांच्या संघटनांनी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: नोंद अमान्य असल्यास तसे त्याच पडद्यावर नमूद करण्याची सोय, आपली नोंद कोणी व केव्हा बदलली हे पाहण्याचा हक्क, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत वसुली वा कारवाई न करण्याची हमी. या मागण्यांसाठी फार मोठा खर्च येत नाही. त्या मान्य झाल्या, तर वरिष्ठांपुढे येणारा आकडा त्यांच्या निर्णयाचा आधार होईल. अन्यथा तो त्यांच्या बेजबाबदारीचा आडोसाच ठरेल.