पद्मिनीचा ‘स्लो’ का बसत नाही?

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरू लागते आणि धापा टाकत बंद पडते. चालू ठेवायचे तर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसावे लागते. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांना ही तक्रार चांगलीच ओळखीची असते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो, आणि तिथेच सगळे बिनसते. स्लो, म्हणजे पाय सोडल्यावर इंजिनाचे संथ आणि एका लयीत चालणे, कार्बोरेटरइतकेच ठिणगीवर अवलंबून असते. म्हणून कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावावा.

१९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एकच कार्बोरेटर आणि इलेक्ट्रॉनिक भानगड जवळजवळ नाहीच. त्यामुळे दोष घरच्या घरी शोधता येतो. फीलर गेज (ठराविक जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा), प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब एवढे साहित्य पुरते. काम उघड्या हवेत करावे, आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, ते पाहावे.

आधी ठिणगी कशी पडते ते समजून घेऊ. डिस्ट्रिब्यूटरमध्ये सीबी पॉइंट असतात, म्हणजे एकमेकांना टेकणारे दोन छोटे धातूचे संपर्क. मधला कॅम फिरताना ते उघडतात. ते उघडतात त्याच क्षणी कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगवर ठिणगी पडते. पेट्रोल पेटून जोर धरायला थोडा वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या जरा आधी पडावी लागते. किती आधी, ते म्हणजे टायमिंग.

सुरुवात प्लगपासून करा. चारही प्लग काढून क्रमाने मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट ओला प्लग रिंग किंवा व्हॉल्व्ह झिजल्याचे सांगतो आणि तो आजार टायमिंगने बरा होत नाही. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. टॅपेट बरेच दिवस पाहिले नसतील तर तेही आताच मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या.

आता डिस्ट्रिब्यूटर कॅप काढून आतून उजेडात धरा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज त्या वाटेने पळते आहे आणि कॅप बदलावीच लागेल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा दोष फार आढळतो. नुसता दमटपणा असेल तर कोरड्या फडक्याने पुसले तरी इंजिन सुधारते.

खरा घोळ बहुतेक वेळा पॉइंटमध्ये असतो. इंजिन असे फिरवा की कॅमचे टोक पॉइंटला पूर्ण उघडेल. पृष्ठभाग राखाडी आणि सपाट असेल तर उत्तम. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ वाढले असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू नये म्हणून बसवलेला तो छोटा डबा. कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात, गाडी तापल्यावर मिसिंग करते आणि थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. नवा आणलेला भागही सदोष निघू शकतो, त्यामुळे बदलल्यावर त्रास वाढला तर जुना परत लावून बघायला लाजू नये.

पॉइंटची फट साधारण ०.४५ मिलिमीटर लागते. पट्टी सरकताना जेमतेम अडखळली पाहिजे. घट्ट ओढावी लागली तर फट कमी आहे. नंतर जाड कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढून काढा, म्हणजे पट्टीवरचे तेल तिथे राहणार नाही. कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेला ग्रीसचा अगदी छोटा थेंब द्यावा. जास्त दिलेले ग्रीस उडून पॉइंटवर जाते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. टाच झिजून फट कमी झाली की टायमिंग मागे पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलट क्रमाने केलेले काम वाया जाते.

टायमिंगसाठी प्लग काढलेलेच असू द्या. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि कोणाला तरी सपाट जागेवर हळूहळू पुढे ढकलायला सांगा. अंगठ्याला दाब जाणवू लागला की पुलीवरची खूण इंजिनवरच्या टायमिंगच्या खुणेशी जुळवा. किती अंश आधी, ते मॅन्युअलमध्ये पाहा. खूण पुढे निघून गेली तर नुसते थोडे मागे घेऊन जुळवू नका, कारण दात्यांमधल्या ढिलाईमुळे फरक पडतो. बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे या. या क्षणी रोटर पहिल्या प्लगच्या वायरीकडे तोंड करून असला पाहिजे. चौथ्याकडे असेल तर आपण एक पूर्ण फेरी चुकलो आहोत. वायरींचा क्रम १-३-४-२ असतो.

आता बल्बची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. किल्ली फिरवा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो. बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर आधी रोटर फिरतो त्या दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेने अगदी सावकाश आणा. बल्ब पेटतो तिथे थांबा आणि बोल्ट आवळा. आवळताना डिस्ट्रिब्यूटर किंचित सरकतो, म्हणून पुन्हा एकदा पाहा. काम झाले की किल्ली बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

प्लग लावून गाडी चालवून पाहा. चढावर टणटण आवाज आला किंवा गरम इंजिनवर सेल्फ अडखळला तर टायमिंग पुढे गेले आहे. पिकअप मेलेला आणि इंजिन लवकर तापणारे असेल तर ते मागे आहे. पूर्वी सीएनजीवर चाललेल्या गाडीत टायमिंग मुद्दाम पुढे ठेवलेले असू शकते, कारण तो वायू सावकाश जळतो. पेट्रोलवर परत आल्यावर ते तसेच राहून गेलेले असते.

टायमिंग लाइटने तपासणार असाल तर स्लो आधी कमी करा. वेग वाढला की डिस्ट्रिब्यूटरमधली वजने बाहेर फेकली जातात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. चढ्या स्लोवर जुळवलेली खूण त्यामुळे फसवी असते.

एवढे झाल्यावर हवेची गळती शोधू. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर फवाऱ्याने थोडे पाणी मारा. डिस्ट्रिब्यूटर भिजू देऊ नका. पाणी पडताच आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आहे. गॅस्केट स्वस्त असते, पण थ्रॉटलचा दांडा जिथे फिरतो ते भोक झिजले असेल तर लेथवाल्याकडून बुश बसवून घ्यावे लागते. या झिजेकडे कुणी पाहत नाही आणि स्लो कधीच बसत नाही.

शेवटी कार्बोरेटर. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत बसवा. जोर लावलात तर त्याचे टोक चेपते. तिथून दीड फेरी बाहेर काढा. इंजिन चालू करून तो आत-बाहेर करत सर्वांत गुळगुळीत चाल शोधा, मग स्लोच्या स्क्रूने वेग कमी करा. पुन्हा मिक्श्चर, पुन्हा वेग, असे दोन-तीनदा करावे.

मिक्श्चर स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट तुंबले आहे किंवा थ्रॉटल स्लोच्या स्क्रूने फार उघडा ठेवला आहे. जेट काढून सायकलच्या पंपाने हवा मारा. तार घालू नका, भोक मोठे होते. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुने रबर फुगवते. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर फ्लोट चेंबरच्या तळाशी साचलेला गाळही पाहून घ्या.

नवे पॉइंट बसवले असतील तर पाचशे-सातशे किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजा. नवी टाच कॅमवर बसताना सुरुवातीला भराभर झिजते. फट कमी झालेली आढळली तर ती लावून बल्बने टायमिंग पुन्हा पाहा. कार्बोरेटरचे स्क्रू मात्र जिथे आहेत तिथेच राहू द्या.