मुखवटे आणि पंगत

मागच्या व्याख्यानात आपण 'मी म्हणजे कोण' हा प्रश्न स्मृतीच्या अंगाने पाहिला. जॉन लॉकचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की कालचं मला माझं म्हणून आठवतं, तेव्हा कालचा मी आणि आजचा मी एकच. आज तोच प्रश्न बाहेरच्या बाजूने बघू. कपडे आणि चेहरा बदलला तर 'मी' किती बदलतो? यासाठी आज मी कांट आणलेला नाही. एका सिनेमाच्या सेटवरची जेवणाची सुट्टी आणली आहे.

सिनेमा आहे 'प्लॅनेट ऑफ द एप्स'. १९६८ साली आला. मूळ कादंबरी पिएर बूल या फ्रेंच लेखकाची, १९६३ची. दिग्दर्शक फ्रँकलिन शाफनर आणि नायक चार्लटन हेस्टन. एक अंतराळवीर अशा ग्रहावर उतरतो, जिथे वानर बोलतात, राज्य करतात आणि माणसं मुकी जनावरं आहेत. त्या वानरसमाजात तीन थर आहेत. ओरांगउटान हे सत्ताधारी, धर्म आणि कायदा सांभाळणारे. चिंपांझी हे शास्त्रज्ञ, विचारवंत. गोरिला हे सैनिक, शिकारी, अंगमेहनत करणारे. पोशाखही वेगळे. चिंपांझी हिरवट कपड्यांत, गोरिला गडद रंगात. म्हणजे लांबून बघितलं तरी कोण कोणत्या थरातला ते कळावं.

आता हे वानर म्हणजे अर्थातच माणसं. मुख्य नटांच्या चेहऱ्यावर फोम रबरचे तुकडे चिकटवत. त्याला तीन-तीन तास, कधी त्याहून जास्त लागत. हे तंत्र उभं केलं जॉन चेंबर्स यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर हा माणूस जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव, नाक, कान, चेहऱ्याचे भाग तयार करत असे. ज्यांचा चेहरा युद्धाने नेला त्यांना तो परत देणारा कारागीर इथे धडधाकट लोकांचे चेहरे झाकत होता. मेकअपसाठी तेव्हा ऑस्करचा नियमित पुरस्कारही नव्हता, म्हणून चेंबर्स यांना विशेष सन्मान दिला गेला.

हा झाला मुख्य नटांचा मेकअप. पण गर्दी लागते ना! गावातले वानर, सभेतले वानर, घोड्यावरचे वानर. मागच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना बहुधा डोक्यावरून ओढायचा तयार मुखवटा मिळे. हा फरक लक्षात ठेवा, कारण त्याला महत्त्व आहे. चिकटवलेलं रबर नटाच्या स्नायूंबरोबर हलतं. रॉडी मॅकडॉवल हा अनुभवी नट आपल्या सहकाऱ्यांना सांगायचा, की नाक हलवा, गाल हलवा, डोळे मिचकावा, नाहीतर मुखवटा मेलेला दिसेल. तयार मुखवटा घातलेल्याने आत कितीही गाल हलवले तरी बाहेर काही पोचत नाही. तो आत हसला काय आणि रडला काय, बाहेरचा गोरिला तसाच.

अशा माणसाला सिनेमावाले एक्स्ट्रा म्हणतात. मुंबईत आता 'ज्युनिअर आर्टिस्ट' म्हणतात, ते बरं आहे. पण जुना शब्द बघा. क्रिकेटमध्येही एक्स्ट्रा असतात, मराठीत आपण अवांतर धावा म्हणतो. त्या संघाच्या धावसंख्येत धरल्या जातात, सामना जिंकूनही देतात, पण कोणत्याच फलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. सिनेमातल्या एक्स्ट्राचं नेमकं तेच. त्याच्याशिवाय ते वानरांचं गाव उभं राहत नाही, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव नसतं.

आता जेवणाची सुट्टी. १९६७चा उन्हाळा, कॅलिफोर्निया. रबर निघू नये म्हणून नट नळीने पेयं पितात, आरशात बघून घास तोंडात घालतात. आणि हेस्टनच्या लक्षात एक गोष्ट आली, जी त्याने पुढे सांगितली आहे. जेवायला सगळे एकत्र बसत नव्हते. गोरिला गोरिलांबरोबर, चिंपांझी चिंपांझींबरोबर, ओरांगउटान ओरांगउटानांबरोबर. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. किम हंटर या अभिनेत्रीनेही ही आठवण सांगितलेली आहे.

आपल्याकडे याला शब्द आहे: पंक्तिभेद. कोण कोणाच्या पंगतीला बसतं यावर आपल्या समाजात केवढं रामायण झालं, आणि सहभोजनं घडवून आणायला केवढी हिंमत लागली, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट ऐकताना इतर कोणी हसेल तेवढं मराठी माणसाला मोकळेपणाने हसता येऊ नये.

पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने लगेच उडी मारायची नसते. आधी साधं कारण तपासायचं. ज्यांचा मेकअप एका वेळी होतो, जे एकाच दृश्यात उभे असतात, ते एका वेळी सुटतात आणि एकत्र जेवतात. गोरिलांसाठी दांडगे लोक निवडले असतील, त्यांची आधीची ओळखही असेल. हे सगळं शक्य आहे. किस्सा म्हणजे प्रयोग नव्हे. सेटवरच्या गोष्टीवरून मनुष्यस्वभावाचा सिद्धांत मांडणं म्हणजे शितावरून भात नव्हे, भाताची अख्खी शेतीच ओळखणं झालं.

मग प्रयोग आहे का? आहे. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाले. चौदा-पंधरा वर्षांची मुलं. त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, आणि तुझा गट क्लेवाल्यांचा, तुझा कँडिन्स्कीवाल्यांचा असं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग इतरांना थोडे पैसे वाटायला सांगितले. स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळावं, असाही कल दिसला. नुसत्या नावाने एवढं होत असेल, तर तोंडावर गोरिला चढवल्यावर काय होईल?

ताजफेलला हा प्रश्न पुस्तकात सापडला नव्हता. तो पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या कैदेत पडला. तो ज्यू आहे हे त्यांना माहीत होतं, पण पोलंडचा आहे हे त्याने लपवलं आणि फ्रेंच युद्धकैदी म्हणून तो वाचला. परत आला तेव्हा घरचे जवळजवळ सगळे मारले गेले होते. माणूस तोच. कोणत्या खान्यात टाकला जातो यावर जगणं-मरणं ठरलं.

आता आपल्या शब्दांकडे वळू. इंग्रजी 'पर्सन' ज्या लॅटिन 'पर्सोना'पासून आला, त्याचा एक जुना अर्थ नाटकातला मुखवटा. म्हणजे युरोपने माणसाला नाव दिलं तेच मुखवट्यावरून. आपला शब्द 'व्यक्ती'. त्याचा अर्थ प्रकट होणं, उघड होणं. आणि नाटकातल्या भूमिकेला आपण म्हणतो 'पात्र', म्हणजे भांडं. भांड्यात काहीतरी ओतलेलं असतं. मुखवटा घातलेला एक्स्ट्रा हे नुसतं पात्र असतं, त्यातली व्यक्ती व्यक्त होण्याची वाटच बंद केलेली असते. मग तो करणार काय? मला वाटतं, ओळखीचं एकच चिन्ह उरलं तर माणूस ते धरतो. समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, आपला दाखवता येत नाही, तेव्हा 'हा माझ्यासारखा दिसतो' एवढ्यावर तो ताट घेऊन बसतो. यात दुष्टपणा असतोच असं नाही. पण दुष्टपणा नसताना होतं, म्हणूनच ते आपल्याला दिसत नाही.

माझं सांगतो. मी ज्या महाविद्यालयात शिकवलं तिथे एक शिपाईमामा होते. खाकी कपडे, हातात हजेरीची वही. बावीस वर्षं रोज त्यांनी मला नमस्कार केला. एका रविवारी भाजी मंडईत पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ नातीचं बोट धरून समोर आले आणि म्हणाले, "काय सर, आज मेथी का?" मी ओळखलंच नाही. "आपण कोण?" असं विचारलं. ते क्षणभर थांबले, मग नातीला म्हणाले, "सरांचं डोकं पुस्तकात असतं." त्यांनी मला सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी खाकीत त्यांना पाहिलं आणि लगेच ओळखलं! तेव्हा मला कळलं, की बावीस वर्षं मी खाकीला नमस्कार करत होतो. आणि आमच्या कॉलेजात आम्ही चहा प्राध्यापकांच्या खोलीत प्यायचो, ते जिन्याखाली. असंच प्या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी कधीकधी जिन्याखाली चहाला जाऊ लागलो. पहिले काही दिवस सगळेच अवघडले, मीही. फार मोठं काही केलं असं म्हणायचं नाही, निवृत्तीला चारच वर्षं उरली होती. पण त्यांच्या नातीचं नाव मला तिथे कळलं.

सिनेमातल्या एक्स्ट्राची एक सोय असते. संध्याकाळी मुखवटा निघतो, चिंपांझी आणि गोरिला एकाच बसने घरी जातात. आपले मुखवटे इतक्या सहज निघत नाहीत, आणि दुसऱ्याचा काढणं आपल्या हातात नसतं. ताट घेऊन कुठे बसायचं, हे मात्र असतं. पुढच्या खेपेला लग्नात, ऑफिसात, कुठेही पंगतीला बसाल तेव्हा बसण्याआधी एकदा इकडेतिकडे बघा, एवढंच.

आज इथे थांबतो. पुढच्या वेळी नावाबद्दल बोलू.