निवृत्तिकालीन आर्थिक तरतूद

निवृत्तिकालीन आर्थिक तरतूद : नोकरीतून वा व्यवसायातून निवृत्त झाल्यानंतरही निर्वाहापुरते उत्पन्न हयातभर मिळत राहावे, यासाठी कमावत्या वयात केलेले नियोजन व संचय. या नियोजनात तीन प्रश्नांचा विचार करावा लागतो : किती रक्कम लागेल, ती कशी साठवावी आणि साठलेल्या रकमेचे नियमित उत्पन्नात रूपांतर कसे करावे. पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा पुष्कळ होते. तिसऱ्याकडे मात्र बहुधा निवृत्तीच्या दिवसापर्यंत दुर्लक्ष होते.

कृषिप्रधान समाजात वृद्धांचा निर्वाह एकत्र कुटुंब व जमीन यांच्या आधारे होत असे. औद्योगिकीकरणामुळे मजुरीवर जगणारा वर्ग वाढला आणि काम थांबताच उत्पन्न थांबण्याची आपत्ती सार्वत्रिक झाली. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८९ मध्ये वार्धक्य विम्याचा कायदा करण्यात आला. त्यातील पात्रतेचे वय ७० होते. ते १९१६ मध्ये ६५ करण्यात आले. भारतात सरकारी नोकरांसाठी निवृत्तिवेतनाची प्रथा ब्रिटिश अमदानीत रूढ झाली. १९२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीसंबंधी अधिनियम झाला. कारखाने व इतर आस्थापना यांतील कामगारांसाठी १९५२ च्या अधिनियमाने सक्तीच्या निधीची सोय झाली.

प्रकार : तरतुदीच्या योजनांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘निश्चित लाभ’ योजनेत अखेरचे वेतन व सेवेची वर्षे यांवरून निवृत्तिवेतन ठरते आणि ते देण्याची जबाबदारी नियोक्त्यावर असते. ‘निश्चित अंशदान’ योजनेत दरमहा भरावयाची रक्कम तेवढी ठरलेली असते. अखेरीस किती मिळेल, हे गुंतवणुकीच्या उत्पन्नावर अवलंबून राहते. हा भेद केवळ हिशेबाचा नाही. माणूस अपेक्षेपेक्षा अधिक जगला, भाववाढ झाली किंवा बाजार कोसळला, तर तूट कोणी सोसावयाची, हा त्यातील खरा प्रश्न होय. पहिल्या प्रकारात ती नियोक्ता सोसतो, तर दुसऱ्यात निवृत्त व्यक्ती.

केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सेवेत येणाऱ्यांना (सैन्यदले वगळून) आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांना दुसऱ्या प्रकाराची योजना लागू केली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली. जुनी योजना परत मिळावी म्हणून महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये संप केला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी आहे.

कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीत कामगार व मालक प्रत्येकी साधारणतः वेतनाच्या १२% अंशदान देतात. मालकाच्या हिश्शातील ८·३३% रक्कम १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे जाते. या योजनेचे सूत्र निवृत्तिवेतनार्ह वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये वेतनाची मर्यादा १५,००० रु. ठरविण्यात आली. या मर्यादेने हिशेब केल्यास ३५ वर्षांच्या सेवेबद्दल दरमहा ७,५०० रु. मिळतात. सरकारी निवृत्तिवेतनाला जोडलेल्या महागाई वाढीसारखी आपोआप होणारी वाढ या योजनेत नाही. यामुळे खाजगी नोकरांची मुख्य भिस्त निधीत साठणाऱ्या एकरकमी शिलकेवरच असते. घरबांधणी, मुलांची लग्ने, आजारपण यांसाठी वेळोवेळी ‘फंड काढल्या’ने ती शिल्लक निवृत्तीपूर्वीच रोडावते. कामगारास मिळणारी ग्रॅच्युइटी (प्रत्येक पूर्ण वर्षास १५ दिवसांचे वेतन) ही पूरक रक्कम होय. तिच्यावर सारी मदार ठेवता येत नाही.

संचयाचे गणित : चक्रवाढ व्याजामुळे काळ हा रकमेइतकाच महत्त्वाचा ठरतो. वयाच्या पंचविशीपासून साठीपर्यंत दरसाल २४,००० रु. ८% व्याजाने गुंतविल्यास भरणा ८·४ लाख रु. होतो आणि सुमारे ४१ लाख रु. जमतात. हीच बचत चाळिशीत सुरू केल्यास ४·८ लाख रु. भरून सुमारे ११ लाख रु. हाती येतात. म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांत भरलेल्या ३·६ लाख रुपयांचेच अखेरीस ३० लाख रु. होतात.

परंतु हे आकडे फसवे आहेत. किंमती दरसाल ६% वाढत गेल्या, तर त्या १२ वर्षांत दुप्पट व ३५ वर्षांत जवळजवळ पावणेआठ पट होतात. त्या हिशेबाने वरील ४१ लाखांची क्रयशक्ती आजच्या सुमारे ५·४ लाख रुपयांइतकी उरते. म्हणून अंशदानाची रक्कम कायम न ठेवता वेतनवाढीबरोबर ती वाढवीत जाणे, हा नियोजनातील पहिला नियम मानला जातो.

संचयाचे उत्पन्नात रूपांतर : साठीनंतर सरासरी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य भारतात अपेक्षित असते, परंतु सरासरी म्हणजे मर्यादा नव्हे. व्याजाचा दर भाववाढीइतकाच असेल, तर वार्षिक खर्चाच्या २० पट रक्कम २० वर्षे पुरते, म्हणजे साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्यास ऐंशीपर्यंत. दीर्घायुष्याची ही जोखीम उचलणारे साधन म्हणजे वर्षासन. विमा कंपनीस एकरकमी पैसे देऊन त्या बदल्यात हयातभर ठराविक उत्पन्न घेता येते. मात्र ते बहुधा स्थिर असते आणि भाववाढीने क्षीण होत जाते. त्यामुळे सर्व रक्कम एकाच साधनात न गुंतविता वर्षासन, व्याज देणाऱ्या ठेवी आणि दीर्घ मुदतीत भाववाढीवर मात करू शकणारी भागभांडवली गुंतवणूक यांत तिची विभागणी करणे इष्ट असते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी (मुदत १५ वर्षे, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढविता येते) हा संचयाचा, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना (२००४, तिमाही व्याज, एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपयांची कमाल मर्यादा) हा उत्पन्नाचा प्रचलित मार्ग आहे. आजारपणासाठी आरोग्य विमा व रोख शिल्लक निराळी ठेवावी लागते. राहते घर ही मोठी मत्ता असली, तरी तिच्यातून दरमहा पैसा मिळत नाही.

असंघटित क्षेत्र व स्त्रिया : शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार इत्यादींना नियोक्त्याचे अंशदान मिळत नाही. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये अटल निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तीत १८ ते ४० वयात प्रवेश घेता येतो व साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रु. मिळण्याची हमी असते. तिसाव्या वर्षी दाखल झालेल्यास मिळणाऱ्या ५,००० रुपयांची क्रयशक्ती वरील भाववाढीने प्रवेशाच्या वेळच्या सुमारे ८७० रुपयांइतकीच असेल. अशा योजनेने निर्वाहास हातभार लागतो, निर्वाह होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यांवरील व्यक्ती सुमारे १०·४ कोटी होत्या व त्यांत स्त्रिया अधिक होत्या. अनेक स्त्रियांना स्वतःचे निवृत्तिवेतन नसते आणि पतीनंतर त्या दीर्घकाळ जगतात. याकरिता पतिपत्नींपैकी मागे राहणाऱ्यास चालू राहणारे संयुक्त वर्षासन निवडणे, सर्व खात्यांवर वारसाचे नामनिर्देशन करणे व पत्नीच्या नावे स्वतंत्र संचय ठेवणे आवश्यक ठरते. पुरुषाच्या आयुर्मानावर बेतलेली तरतूद तिची खरी गरज लागते त्याच वेळी अपुरी पडते.

[⟶ आयुर्विमा, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, सामाजिक सुरक्षा.]