नाताळला गावी निघालेल्या मोटारी

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की टेक्सासमधील लारेडो शहराच्या पुलांवर मोटारींच्या रांगा लागू लागतात. गाड्यांवरच्या पाट्या टेक्सासच्या असतातच, पण इलिनॉय, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना अशा दूरच्या राज्यांच्याही असतात. पिकअप ट्रकच्या हौद्यात ताडपत्रीखाली सायकली, गाद्या, शिलाई यंत्रे, टीव्हीचे खोके. मागच्या आसनावर पेंगुळलेली मुले. पुलाखालच्या नदीला अमेरिकेत रिओ ग्रांदे म्हणतात, पलीकडच्या काठावर तिचेच नाव रिओ ब्राव्हो. ती ओलांडली की मेक्सिको सुरू होतो आणि या कुटुंबांच्या लेखी नाताळही.

हे प्रवासी पर्यटक नव्हेत. अमेरिकेत शेतमजुरी, बांधकाम, मांस कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरे येथे वर्षभर राबून नाताळला मूळ गावी निघालेली ही मेक्सिकन कुटुंबे आहेत. मेक्सिकोत त्यांना 'पायसानो' म्हणतात. पायसानो म्हणजे आपल्या मुलखातला माणूस, गाववाला. गणपतीला कोकणात निघालेला मुंबईचा चाकरमानी ज्याने पाहिला आहे, त्याला या रांगेतली लगबग ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की या वाटेत एक आंतरराष्ट्रीय सीमा आडवी येते आणि ती कोणाला दोन्ही बाजूंनी ओलांडता येईल हे कागदपत्रे ठरवतात.

मेक्सिकन मजुरांची ही ये-जा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेतीला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये दोन्ही सरकारांनी 'ब्रासेरो' नावाची करारबद्ध मजुरांची योजना सुरू केली. ती १९६४ मध्ये बंद झाली, पण ग्वानाहुआतो, मिचोआकान, हालिस्को, झाकातेकास या राज्यांतील गावांना उत्तरेची वाट ठाऊक झाली होती. पुरुष हंगामाला जात आणि हंगाम संपला की परतत. परवाना असो वा नसो, सीमा ओलांडणे तेव्हा आजच्याइतके अवघड नव्हते. १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा करून सुमारे २७ लाख लोकांचे वास्तव्य अधिकृत केले. त्यात मेक्सिकन बहुसंख्य होते. हाती कागद आला, पाठोपाठ बायकामुले आली, मोटार आली आणि नाताळचा प्रवास एकट्या मजुराचा न राहता अख्ख्या कुटुंबाचा झाला.

या प्रवाशांची पहिली तक्रार होती ती स्वतःच्याच देशातील अधिकाऱ्यांविरुद्ध. कस्टमच्या नाक्यापासून गावच्या वेशीपर्यंत भेटणारा प्रत्येक गणवेशधारी अमेरिकी पाटीची गाडी पाहून हात पसरतो, हे त्यांचे गाऱ्हाणे इतके वाढले, की १९८९ मध्ये मेक्सिको सरकारला 'प्रोग्रामा पायसानो' ही खास योजना आखावी लागली. नियमांच्या माहितीपुस्तिका, तक्रारीची सोय आणि हंगामात सीमेवर स्वयंसेवक असे तिचे स्वरूप. राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे १ डिसेंबर २००० रोजी घेतलेले व्हिसेंते फॉक्स त्याच महिन्यात सीमेवर जाऊन परतणाऱ्यांचे स्वागत करते झाले. या स्थलांतरितांना त्यांनी 'वीर' म्हटले. योजनेच्या नावात आता तो शब्द आहे. गौरव करायला सरकारला कारणही भक्कम आहे. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये परदेशस्थ मेक्सिकनांनी मायदेशी सुमारे ६४.७ अब्ज डॉलर पाठवले आणि त्यातला बहुतांश पैसा अमेरिकेतून आला.

मात्र ज्यांच्या घामाचा हा पैसा आहे, त्यातील लाखो जण या रांगेत कधीच दिसत नाहीत. नव्वदच्या दशकात अमेरिकेने सीमेवर कुंपण आणि गस्त वाढवली. उद्देश होता लोकांना येण्यापासून रोखण्याचा. प्रत्यक्षात आत असलेल्यांचे बाहेर पडणे थांबले. एकदा गावी गेलो तर परत येताना दलालाला पुन्हा हजारो डॉलर मोजावे लागणार आणि वाळवंटात जीव धोक्यात घालावा लागणार, या हिशेबाने हंगामी मजूर कायमचे अमेरिकेतच राहिले. १९९६ च्या कायद्याने त्यावर कुलूप लावले. परवान्याविना १८० दिवसांहून अधिक काळ राहून देश सोडला तर तीन वर्षे आणि वर्षाहून अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही. म्हणजे कागदांविना राहणाऱ्याने आईच्या अंत्यविधीला जायचे ठरवले, तरी बायकामुलांपासून दहा वर्षे दूर राहण्याची तयारी ठेवावी लागते. असे सुमारे ४० लाख मेक्सिकन अमेरिकेत आहेत. त्यांची तेथे जन्मलेली मुले मात्र अमेरिकी नागरिक असतात.

म्हणूनच पुलावरच्या अनेक गाड्यांत आई-वडिलांऐवजी काका, मामा किंवा थोरली बहीण असते. नातवंडांना आजी-आजोबा भेटावेत यासाठी त्यांना नातेवाइकांच्या हवाली केलेले असते, सोबत आई-वडिलांचे नोटरीपुढे केलेले संमतिपत्र. ज्या अंगणात बाप वाढला, तेथे मूल जाऊन येते आणि बाप शिकागोत किंवा अटलांटात फोनजवळ बसून राहतो. एकाच घरातली माणसे गाडीत कोण आणि फोनवर कोण अशी वाटली जातात.

ज्यांच्याजवळ कागद आहेत, त्यांच्याही मागे गाडीच्या कागदांची कटकट असते. सीमेलगतच्या साधारण वीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यापलीकडे परदेशी मोटार न्यायची, तर तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो. बाहा कॅलिफोर्नियाचे द्वीपकल्प आणि सोनोरा राज्याचा बराचसा भाग याला अपवाद. परवाना देण्याचे काम 'बानखेर्सितो' या मेक्सिकन लष्कराच्या बँकेकडे आहे. शुल्काशिवाय अनामत भरावी लागते. २००७ नंतरच्या मोटारीला ४०० डॉलर, २००१ ते २००६ मधील गाडीला ३०० आणि त्याहून जुनीला २००. गाडी मुदतीत परत गेली आणि परवाना रद्द करून घेतला तर अनामत परत मिळते, नाही तर बुडते. स्वस्त जुन्या अमेरिकी गाड्या मेक्सिकोत आणून तेथेच विकल्या जातात, त्याला आळा घालण्यासाठी ही तजवीज आहे. स्थलांतरितांना ती कधीच रुचली नाही. डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन प्रवासाच्या तोंडावर, सरकारने ४०० ते ८०० डॉलरची अनामत जाहीर केली, तेव्हा इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. पुढे २०११ मध्ये ती पुन्हा आली आणि टिकली. नुएव्हो लारेडोच्या दक्षिणेला २६ व्या किलोमीटरवर तपासणी नाका आहे. परवाना नसलेली गाडी तेथून मागे फिरते.

सामानाचाही हिशेब असतो. रस्त्याने येणाऱ्याला एरवी माणशी ३०० डॉलरपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात. नाताळच्या हंगामात मेक्सिकन नागरिकांसाठी ही मर्यादा ५०० डॉलर होते. चौघांच्या कुटुंबाला त्यामुळे दोन हजारांचा माल नेता येतो, बशर्ते पावत्या हाताशी असाव्यात. विम्याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील विमा मेक्सिकोत तृतीय पक्षाच्या नुकसानीसाठी ग्राह्य धरत नाहीत आणि मेक्सिकन विमा नसताना अपघात झाला, तर जबाबदारी निश्चित होईपर्यंत चालकाला पोलिस अडकवून ठेवू शकतात.

टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी नाताळच्या सुटीत हीच वाट धरण्याच्या विचारात असेल, तर गाडीचे हे नियम त्यांनाही लागू आहेत. भारतीय पारपत्रधारकाजवळ अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असल्यास पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

पुढचा रस्ता तसा चांगला आहे. नुएव्हो लारेडो ते मॉन्टेरे सव्वादोनशे किलोमीटर, तेथून सान लुईस पोटोसी पाचशेच्या घरात आणि पुढे केरेटारो आणखी दोनशे. बहुतेक ठिकाणी दोन पर्याय असतात. 'क्वोता' म्हणजे टोलचा रुंद रस्ता आणि 'लिब्रे' म्हणजे गावागावांतून जाणारा फुकटचा. टोल जबर, म्हणून काटकसर करणारे लिब्रे धरतात आणि गावोगावच्या 'तोपे'वर आपटतात. तोपे म्हणजे आपले गतिरोधक, अनेकदा आपल्यासारखेच रंग उडालेले. गाडी बंद पडली तर ०७८ क्रमांकावर फोन करायचा. 'आंखेलेस वेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत, ही पर्यटन खात्याची पथके १९६० पासून महामार्गांवर फिरतात. मदत मोफत, पैसे फक्त इंधनाचे आणि सुट्या भागांचे. जानेवारी २०१९ मध्ये मात्र हे देवदूतही फारसे काही करू शकले नसते. पेट्रोलचोरी रोखण्यासाठी सरकारने वाहिन्या बंद केल्या आणि ग्वानाहुआतो, हालिस्को, मिचोआकान याच राज्यांत ऐन परतीच्या दिवसांत पंप कोरडे पडले.

खरी भीती वेगळीच आहे. उत्तरेकडून येणारी सर्वांत सोयीची वाट तामाउलिपास राज्यात उतरते आणि या राज्यात जाऊच नका, असा इशारा अमेरिकी परराष्ट्र खाते आपल्या नागरिकांना कित्येक वर्षे देत आहे. याच राज्यात सान फर्नांडो येथे ऑगस्ट २०१० मध्ये ७२ स्थलांतरितांची हत्या झाली. सामानाने लादलेली, परराज्याच्या पाटीची गाडी लुटारूंना लांबून ओळखू येते. त्यामुळे रात्री गाडी चालवायची नाही, हा नियम घरोघर पाळला जातो. पहाटे पूल ओलांडून अंधारापूर्वी मुक्काम गाठायचा. अनेकजण आता एकटे निघतच नाहीत. डिसेंबरात ठरलेल्या दिवशी शेकडो गाड्या लारेडोत जमतात आणि पलीकडे गेल्यावर पोलिसांच्या संरक्षणात ताफ्याने केरेटारो राज्यातील हाल्पान या डोंगराळ भागातल्या गावापर्यंत जातात. आपल्याच देशात नाताळला घरी जाण्यासाठी पोलिसांचा ताफा लागावा, ही गोष्ट सरकारच्या स्वागतफलकांशी फारशी जुळत नाही.

गावात पोहोचेपर्यंत 'पोसादा' सुरू झालेल्या असतात. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री चालणारा हा उत्सव. मेरी आणि जोसेफ बेथलेहेममध्ये आसरा शोधत फिरले, त्याची आठवण म्हणून लोक मेणबत्त्या घेऊन एका घराच्या दाराशी जातात आणि गाण्यातून निवारा मागतात. आतले गाण्यातूनच नकार देतात. शेवटी दार उघडते आणि मग गरम 'पोंचे', तमाल आणि मुलांच्या हातून फुटणारा खाऊचा पिन्याता. मेक्सिको सिटीजवळच्या अकोल्मन येथील मठात सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा सुरू झाल्याचे मानतात. घरोघर लाल पानांची नोचेबुएनाची झाडे मांडलेली असतात. आपल्याकडच्या बागांत पॉइन्सेटिया म्हणून मिरवणारे झाड ते हेच, मूळचे मेक्सिकोचे.

वर्षभर म्हातारी माणसे आणि कुलपे उरलेल्या गावांत हे तीन आठवडे लग्ने, बारशी, घराच्या अर्धवट राहिलेल्या मजल्याचे काम असे सारे उरकले जाते. कितीतरी गावांतील रस्ते, चर्चची दुरुस्ती, पाण्याच्या टाक्या स्थलांतरितांच्या वर्गणीतून झाल्या आहेत. त्यांच्या प्रत्येक पेसोला केंद्र, राज्य आणि नगरपालिकेने एकेक पेसो जोडण्याची 'तीनास एक' योजना झाकातेकासमधून पुढे येऊन २००२ मध्ये देशभर लागू झाली होती. २०२० च्या अंदाजपत्रकात तिला निधी मिळाला नाही. वर्गणी मात्र थांबलेली नाही.

६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो, 'रोस्का' नावाचा गोल गोड पाव कापला जातो आणि गाड्या पुन्हा उत्तरेला लागतात. जाताना हौद्यात चीज, मोले, वाळलेल्या मिरच्या आणि आजीने बांधून दिलेली गाठोडी असतात. पुलावर आता अमेरिकेच्या दिशेची रांग अधिक लांब असते. त्या रांगेत लागण्यापूर्वी बानखेर्सितोच्या खिडकीशी थांबून गाडीचा परवाना रद्द करून घ्यायचा असतो. घाईत तेवढे राहून गेले, तर ४०० डॉलर जातात आणि पुढच्या डिसेंबरात त्या मोटारीला पुन्हा परवाना मिळवताना अडचण येते.