उंचावरच्या कोळ्याला नाव कोण देतं?

हिमालयात कोळ्याची नवी प्रजाती सापडल्याची बातमी अधूनमधून येते. सोबत खडकावर बसलेल्या एका करड्या कोळ्याचा फोटो असतो आणि मजकुरात समुद्रसपाटीपासूनची उंची. अशाच एका बातमीवरून वाचकाचा प्रश्न आला आहे: हा कोळी नवा आहे हे कळलं कसं? मला तर सगळे सारखेच दिसतात. प्रश्न नेमका आहे, कारण जमिनीवर फिरणारे नॅफोसिडी कुळातले कोळी वरून पाहिले तर तज्ज्ञांनाही सारखेच दिसतात. साधारण सेंटिमीटरभर लांबी, मातकट रंग, नक्षी जवळजवळ नाहीच.

हे कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाहीत. दिवसा दगडाखाली रेशमाच्या पिशवीत पडून राहतात आणि रात्री शिकारीला निघतात. त्यांच्यातले कित्येक दुसऱ्या कोळ्यांचीच शिकार करतात आणि ती करण्याची तऱ्हा थक्क करणारी आहे. पोटाच्या टोकाशी असलेल्या जाड नळ्यांतून ते चिकट, ओलसर रेशीम काढतात, भक्ष्याभोवती गरगर फिरतात आणि त्याचे पाय नि तोंड चिकटपट्टी गुंडाळावी तसे बांधून टाकतात. इतर कोळी याच प्रकारचं रेशीम आपला धागा जमिनीला डकवायला वापरतात. या कुळात ते हत्यार झालं. पण त्याची किंमतही मोजावी लागली: धागा नीट डकवण्याचं कसब या कोळ्यांमध्ये कमी झालं. डोळ्यांची गोष्ट तर याहून सुरस. ड्रासोडेस या त्यांच्या एका भाऊबंदाच्या आठ डोळ्यांपैकी मधल्या दोन डोळ्यांत प्रतिमा उमटतच नाही. ते दोन डोळे आकाशातल्या ध्रुवीकृत प्रकाशाची दिशा ओळखतात. सूर्य मावळल्यावरही कोळी त्यावरून आपल्या पिशवीची वाट शोधतो. 1999 मध्ये मारी डाके आणि सहकाऱ्यांनी हे 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. एवढ्याशा प्राण्याच्या अंगात असं होकायंत्र असतं, हे वाचून मला आजही अप्रूप वाटतं.

आता ओळखण्याचं. प्रजाती वेगळी काढायची ती जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडाशेजारी पेडिपाल्प नावाची दोन आखूड उपांगं असतात आणि त्यांच्या टोकाला फुगीर बल्ब असतो. नर आधी रेशमाचा छोटा पडदा विणतो, त्यावर शुक्राचा थेंब टाकतो, तो बल्बमध्ये ओढून घेतो आणि मगच मादीकडे जातो. बल्बवरचे काटे, आकडे, वळणं प्रजातीगणिक वेगळी असतात. मादीच्या पोटाखाली एपिजाइन ही कडक पट्टिका असते. ती सुईच्या टोकानं अलगद कापून काढतात, लवंगेच्या तेलात किंवा पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करतात. मग आतले नागमोडी शुक्रकोष दिसू लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं चित्र काढता येतं. एखाद्या आकड्याचं टोक जरा जास्त वळलेलं आहे, एवढ्यावर सगळा निर्णय अवलंबून असू शकतो. पूर्ण वाढ न झालेलं पिल्लू हाती आलं, तर पुढचं सगळंच अडतं, कारण त्याला हे अवयव आलेलेच नसतात.

पण वेगळा म्हणजे कशापासून वेगळा? इथे खरं काम सुरू होतं आणि बातम्यांमध्ये नेमका याचाच पत्ता नसतो. त्यासाठी 1870च्या दशकात जावं लागेल. मोरावियात जन्मलेले फर्डिनांड स्टोलिच्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. जीवाश्म हा त्यांचा विषय, पण पक्षी, गोगलगायी, कोळी असं जे दिसेल ते ते गोळा करायचे. 1873-74 च्या दुसऱ्या यार्कंद मोहिमेत ते सामील झाले. काराकोरम खिंड ओलांडून परतताना विरळ हवेनं त्यांची प्रकृती ढासळली आणि 19 जून 1874 रोजी लडाखमधल्या मुर्गो इथे त्यांचं निधन झालं. वय अवघं छत्तीस. लेहमध्ये त्यांचं स्मारक आहे. मोहिमेतले कोळी पोचले इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या ब्लॉक्सवर्थ गावात, ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या धर्मोपदेशकाकडे. चर्चचं काम सांभाळून त्यांनी ते एकेक करून तपासले. 1885 मध्ये त्यांचा अहवाल छापून आला आणि त्यात एका भूचर कोळ्याला नाव मिळालं: नॅफोसा स्टोलिच्काय. गोळा करणारा जाऊन तोवर अकरा वर्षं झाली होती.

आज यार्कंद मोहिमेच्या त्या पट्ट्यात कुणाला नॅफोसा वंशातला कोळी मिळाला, तर त्याला या 1885 च्या वर्णनाशी ताडून पाहावंच लागतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर मूळ नमुना शोधून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. त्यातही जुन्या कामात कित्येकदा एखाद्या प्रजातीचा फक्त नर नाही तर फक्त मादी वर्णिलेली असते. नवा म्हणून जाहीर केलेला नर म्हणजे आधीच नाव मिळालेल्या मादीचाच जोडीदार असल्याचं नंतर उघड झालं, असं कोळ्यांच्या अभ्यासात अनेकदा घडलंय.

आपल्याकडे हे ताडून पाहणं शक्य झालं त्याचं मोठं श्रेय बिनॉय कृष्ण टिकादार यांना आहे, आणि त्यांचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही याची मला खंत वाटते. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, पुढे ते या संस्थेचे संचालक झाले. 1973 मध्ये त्यांनी एका कोळ्याला पुण्याचं नाव दिलं, नॅफोसा पूनाएन्सिस. 1977 मध्ये यू. ए. गजबे यांच्यासोबत वर्णिलेल्या नॅफोसा पौरिएन्सिसच्या नावात गढवालमधलं पौडी आहे. 1982 च्या 'फॉना ऑफ इंडिया'च्या खंडात त्यांनी भारतातलं हे सगळं कुळ एकत्र मांडलं. त्यांची चित्रं आजच्या अभ्यासकांना काही ठिकाणी त्रोटक वाटतात, त्यांनी दिलेली काही नावं नंतर जुन्या नावांत विलीनही झाली. पण चूक दुरुस्त करायलासुद्धा आधी कुणीतरी काहीतरी नेमकं लिहून ठेवावं लागतं. ते काम टिकादारांनी केलं, तेही इंटरनेट नव्हतं आणि परदेशी संग्रहालयातला नमुना पाहायचा म्हणजे पत्रव्यवहारात महिने जायचे त्या काळात.

म्हणूनच 'उंचीचा विक्रम' म्हणून सजवलेल्या बातम्या मला पटत नाहीत. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर हिंग्स्टन यांना सुमारे बावीस हजार फुटांवर उड्या मारणारे कोळी दिसले. जगभर चर्चा झाली. एव्हरेस्ट आणि मकालूच्या वरच्या उतारांवरच्या या कोळ्यांना शास्त्रीय नावं मात्र फ्रेड वॉनलेस यांनी 1975 मध्ये दिली. मधल्या काळात जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वॉन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: झाडझुडूप नसलेल्या त्या उंचीवर खालून वाऱ्यानं उडत आलेल्या वनस्पतींच्या कणांवर बारीक कीटक जगतात आणि त्या कीटकांवर कोळी. उंचीच्या आकड्यापेक्षा हा शोध कितीतरी मोठा.

आता डीएनएची मदत मिळते. एका विशिष्ट जनुकाचा तुकडा वाचून नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का, हे पाहता येतं. पण शंभर-दीडशे वर्षं मद्यार्कात राहिलेल्या नमुन्यांतला डीएनए बहुतेक वेळा तुटून गेलेला असतो. मग एकच मार्ग उरतो. जुन्या अहवालात लिहिलेल्या त्याच खोऱ्यात, बर्फ वितळल्यानंतरच्या त्याच मोजक्या आठवड्यांत जायचं, कोळी आत पडावेत म्हणून जमिनीत पेले पुरायचे, दगड उलटायचे आणि पूर्ण वाढलेले नर नि मादी दोन्ही मिळवायचे.