फुलावरून ओळखलेला पतंग : मादागास्करची आमरी

‘झाडावर वाढते ती वनस्पती बांडगूळ’ असं मुलं लिहून मोकळी होतात. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. झाडावरची आमरी, म्हणजेच ऑर्किड, तसं करत नाही. ती फक्त बसायला जागा घेते. आपल्याकडची सीतेची वेणी अशीच, आणि मादागास्कर बेटावरची ‘अँग्रेकम सेस्क्विपेडेल’ही अशीच.

या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हिंदी महासागरावरून येणारे वारे भरपूर पाऊस देतात. तिथल्या सखल जंगलात, विरळ पानांच्या झाडांवर ही आमरी वाढते. तिथे उजेड आणि वारा दोन्ही मिळतात. तिची जाड मुळं सालीला घट्ट धरतात. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण पावसाचं पाणी टिपून घेतं.

जून ते सप्टेंबरच्या सुमारास तिला पांढरी, चांदणीसारखी फुलं येतात. फुलामागे सुमारे ३० सेंमी लांब नळी लोंबते आणि मध असतो फक्त तळाशी! १८६२ साली चार्ल्स डार्विनच्या हाती ही फुलं आली. त्याने तर्क केला : एवढ्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे. काही कीटकतज्ज्ञांनी त्याची थट्टा केली. १८८२ साली डार्विन गेला. पुढे १९०३ साली तसाच पतंग शास्त्रज्ञांनी नोंदवला आणि त्याच्या नावात ‘प्रेडिक्टा’, म्हणजे ‘भाकीत केलेला’, हा शब्द घातला.

वर्गात हे सांगताना उत्तर आधी देऊ नका. फळ्यावर फूल काढा आणि विचारा : रंग पांढरा, वास रात्री, मध खोल, तर पाहुणा कोण असेल? मुलं स्वतःच ‘रात्री उडणारा, लांब सोंडेचा’ इथवर येतील. पुराव्यावरून अंदाज बांधणं म्हणजे काय, हे मग व्याख्या पाठ न करताही कळतं.

पुढचा प्रश्न मात्र जरूर विचारा. शेतीसाठी तिथली जंगलं तोडली, जाळली जात आहेत. आज ही आमरी जगभर कुंड्यांत वाढते, पण कुंडीजवळ तो पतंग येत नाही. मग आमरी वाचवायची, म्हणजे नक्की काय काय वाचवायचं?